नगर जिल्ह्यात जन्मलेला साखरेचा व्यापारी देशाचा 'शुगर किंग' कसा झाला?

कुठल्याही हॉटेलच्या भटारखान्यात डोकावून बघा, कोपऱ्यात साखरेचं पोतं दिसणारच. चहाची टपरी असो, इराण्याचं हॉटेल असो नाहीतर मिठाईवाला, साखर संपली की धंदा बंद.

पण हॉटेलवाला काही कारखान्यावर जाऊन साखर आणत नाही. कारखाना एकावेळी शेकडो पोत्यांचा माल काढतो. हॉटेलवाल्याला लागतात दोन-चार पोती, आणि तीही बऱ्याचदा उधारीवर. या दोघांच्या मध्ये उभा असतो तो ठोक व्यापारी. कारखान्याला पैसे वेळेवर मोजायचे, गिऱ्हाइकाला उधार द्यायचं आणि मधल्या काळात भाव पडला तर तोटा आपणच सोसायचा, असा हा धंदा. नफा पोत्यामागे थोडाच, म्हणून पोती भरपूर खपवावी लागतात.

याच धंद्यातून एक माणूस इतका मोठा झाला की लोक त्याला भारताचा शुगर किंग म्हणायला लागले. त्यांचं नाव करमशी जेठाभाई सोमय्या.

मुंबईच्या पोरांना सोमय्या म्हटलं की विद्याविहारचं कॉलेज आठवतं. पण या नावाची मुळं आहेत नगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरमध्ये.

करमशीभाईंचा जन्म 16 मे 1902 चा. नगर जिल्ह्यातल्या मालुंजर नावाच्या लहानशा गावातला. घराणं मूळचं कच्छचं. त्या काळात बरीच कच्छी कुटुंबं व्यापारासाठी महाराष्ट्रात येऊन स्थायिक झाली होती, त्यातलंच हे एक.

तेव्हाचा नगर जिल्हा म्हणजे दुष्काळी मुलूख. पण करमशीभाई लहानाचे मोठे होत होते त्याच वर्षांत जिल्ह्याच्या उत्तर भागाचं रूप पालटत होतं. दारणा धरणामुळे गोदावरीच्या कालव्यांना आणि भंडारदऱ्यामुळे प्रवरेच्या कालव्यांना पाणी आलं. कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. दौंड-मनमाड रेल्वे आधीपासून होतीच. म्हणजे पिकवायला पाणी आणि माल बाहेर न्यायला रूळ, दोन्ही हाताशी आलं.

तरीही आपल्या देशातली साखर बरीचशी बाहेरून यायची, मुख्यतः जावा बेटावरून. तिकडची साखर जहाजाने बंदरात उतरायची आणि तिथून बाजारपेठांत जायची.

1932 साली चित्र बदललं. सरकारने कायदा करून परदेशी साखरेवर जबर जकात बसवली. 1931-32 मध्ये देशात तीसेक साखर कारखाने होते. पुढच्या चार-पाच वर्षांत ते शंभराच्या वर गेले.

व्यापाऱ्यासाठी ही उलथापालथच होती. पूर्वी माल बंदरात यायचा. आता तो ठिकठिकाणच्या कारखान्यांत तयार व्हायला लागला. कारखाना चालतो हंगामात, पण हॉटेलात चहा उकळतो बाराही महिने. मग हंगामात साखर उचलायची, गोदामात ठेवायची आणि वर्षभर बाजारात पुरवायची, हे काम करणारा माणूस हवा होता.

करमशीभाई तेव्हा तिशीत होते. साखरेच्या व्यापारात त्यांनी असं बस्तान बसवलं की शुगर किंग हे नाव त्यांना कायमचं चिकटलं.

पण ठोक व्यापाऱ्याची एक अडचण कधी सुटत नाही. माल दुसऱ्याचा असतो. कारखान्याने हात आखडता घेतला की व्यापाऱ्याचं गोदाम रिकामं. यावर इलाज एकच, कारखाना आपलाच असला पाहिजे.

1939 साली करमशीभाईंनी गोदावरी शुगर मिल्स ही कंपनी काढली. जागा निवडली आपल्याच जिल्ह्यातली. कोपरगाव तालुक्यात कारखाना उभा राहिला आणि त्या वस्तीचं नाव पडलं साकरवाडी. पाठोपाठ लक्ष्मीवाडीचा कारखाना आला. साखर विकणारा माणूस आता साखर बनवायला लागला.

दुसऱ्या महायुद्धात, 1942 साली, सरकारने साखरेवर नियंत्रण आणलं. भाव आणि वाटप सरकार ठरवायला लागलं. नुसता व्यापार करणाऱ्याच्या हातात अशा वेळी फारसं काही उरत नाही. कारखानदाराकडे निदान माल तरी असतो.

आता या गोष्टीची दुसरी बाजू.

कारखाना चालवायचा तर ऊस खात्रीचा लागतो. म्हणून त्या काळात खासगी कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या हजारो एकर जमिनी खंडाने घेतल्या आणि त्यावर स्वतःचे ऊसमळे उभे केले. साकरवाडी, लक्ष्मीवाडी, टिळकनगर, हरेगाव, सगळीकडे हीच पद्धत. जमीन शेतकऱ्याची, ऊस कारखान्याचा आणि शेतकऱ्याच्या हातात फक्त खंड.

याला उत्तर त्याच जिल्ह्यातून आलं. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी साखर कारखाना प्रवरानगरला उभा केला. 1950-51 ला त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. पुढे सहकाराने सगळा जिल्हा व्यापला.

1961 मध्ये कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. खासगी कारखान्यांचे मळे सरकारने घेतले आणि 1963 साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे दिले. कारखान्यांचा हक्काचा ऊस गेला. पण ज्यांनी जमिनी खंडाने दिल्या होत्या, त्या खंडकरी शेतकऱ्यांनाही त्या लगेच परत मिळाल्या नाहीत. त्यासाठी त्यांना अर्धशतक लढावं लागलं.

सोमय्यांनी मग दोन वाटा धरल्या. एक म्हणजे कर्नाटकात, आजच्या बागलकोट जिल्ह्यातल्या समीरवाडीला, साखर कारखाना काढला. दुसरी म्हणजे मळीपासून अल्कोहोल आणि अल्कोहोलपासून रसायनं. साखरेचा भाव सरकारच्या हातात असला तरी या मालाला बाजार वेगळा होता. आजही साकरवाडीत रसायनांचा प्रकल्प चालतो. त्यांची कंपनी आता गोदावरी बायोरिफायनरीज या नावाने ओळखली जाते आणि 2024 मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणीही झाली.

साखरेतून आलेला पैसा त्यांनी शिक्षणात घातला. 1959 साली मुंबईत सोमय्या विद्याविहारची पायाभरणी झाली. तिथे पुढे कला-विज्ञानापासून इंजिनिअरिंगपर्यंतची कॉलेजं आली. शीवला मेडिकल कॉलेज आणि हॉस्पिटल आलं. कोपरगावलाही त्यांच्या नावाचं महाविद्यालय आहे.

9 मे 1999 रोजी करमशीभाई गेले. सत्त्याण्णवावं वर्ष पूर्ण व्हायला तेव्हा एकच आठवडा बाकी होता.

त्यांच्या आयुष्यातून ठोक धंद्याचं एक गणित नीट कळतं. पोती विकून माणूस मोठा होतो, पण टिकतो तो माल जिथे तयार होतो तिथपर्यंत पोचल्यावर. आणि तिथे पोचलं की गाठ बाजाराशी नाही, जमिनीशी आणि ती कसणाऱ्या माणसाशी पडते. कोपरगावच्या पट्ट्यात साकरवाडी आणि खंडकऱ्यांचा लढा या दोन्ही गोष्टी आजही एकत्रच सांगाव्या लागतात.