जीन्सवर नाव लेव्हीचं. मग शिंपी कोण होता?

जालना जिल्ह्यात कापूस म्हणजे घरचं पीक. त्याच कापसाच्या जीन्सवर ज्याचं नाव झळकतं, तो लेव्ही स्ट्रॉस मात्र शिंपी नव्हता. कापडाचा व्यापारी होता.

1829 मध्ये बव्हेरियात ज्यू कुटुंबात जन्म. वडील क्षयानं गेले, आई-बहिणींसोबत तो न्यूयॉर्कला आला. 1853 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत घाऊक दुकान थाटलं.

रेनोचा शिंपी जेकब डेव्हिस त्याच्याकडून कापड घ्यायचा. एका मजुराच्या बायकोनं नवऱ्यासाठी टिकाऊ पँट मागितली, तेव्हा डेव्हिसनं खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याचे रिव्हेट ठोकले. मागणी वाढली, तशी नकलेची भीतीही. पेटंटला पैसे नव्हते, म्हणून 1872 मध्ये त्यानं स्ट्रॉसला पत्र लिहिलं. स्ट्रॉसला कल्पना सहज लाटता आली असती. त्यानं खर्च उचलला आणि 20 मे 1873 च्या पेटंटमध्ये दोघांचा वाटा राहिला. डेव्हिस पुढे त्याच्याकडेच उत्पादन पाहू लागला.

तेव्हा डेनिम धोट्याच्या मागावर विणलं जाई. आडवा धागा काठाशी वळून परत येतो, त्यामुळे साडीसारखाच हा काठ उसवत नाही. हेच सेल्व्हेज; पँटचा पाय दुमडून बघा, बाहेरच्या शिवणीत दिसेल. विणल्यावर न धुतलेलं ते रॉ डेनिम. निळा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, घड्या पडतील तिथं फिका होतो. म्हणून अशी जीन्स क्वचित, उलटी करून, थंड पाण्यात धुवावी.

स्ट्रॉस 1902 मध्ये अविवाहितच गेला. धंदा भाच्यांकडे आला. 1906 च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत कंपनीची जुनी कागदपत्रं जळाली.