यमुनोत्री ते राजघाट : पदयात्री काकासाहेब कालेलकर

दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला डोंगराची ओढ लागली तर त्याने जावे कोठे, हा प्रश्न आमच्या मंडळींत वरचेवर निघतो, आणि त्याचे उत्तर बहुधा हिंदूरावाच्या टेकडीवर येऊन थांबते. नाव आपलेच आहे. हिंदूराव हे कागलकर घाटग्यांच्या घराण्यातले, बायजाबाई शिंदे यांचे बंधू. १८३५ साली विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा खून झाल्यावर त्याचा टेकडीवरचा बंगला हिंदूरावांनी घेतला. १८५५ साली ते निवर्तले. त्यांच्या मागे दोनच वर्षांनी त्या वाड्याभोवती इंग्रजांच्या तोफा उभ्या राहिल्या, आणि आज त्यांचे नाव तेथील रुग्णालयामुळे साऱ्या दिल्लीच्या तोंडी आहे. फिरोजशहा तुघलकाने मेरठहून आणविलेला अशोकस्तंभही याच माथ्यावर आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाने हिला डोंगर म्हणू नये इतकी ही लहान. पण हिचे कूळ मोठे आहे. गुजरातेच्या सीमेपासून निघून राजस्थान ओलांडीत आलेली अरवलीची रांग उत्तरेस जेथे विराम पावते, ते हे टोक. त्याच अरवलीच्या कुशीत साबरमती उगम पावते, आणि या टोकाच्या पूर्वेस यमुना वाहते. एका मराठी माणसाने आपल्या उमेदीची वर्षे साबरमतीच्या तीरावर आणि उतारवय यमुनेच्या तीरावर, या टेकडीपासून दोनएक कोसांवरच्या राजघाटाशेजारी घालविले. ते म्हणजे आचार्य दत्तात्रेय बाळकृष्ण ऊर्फ काकासाहेब कालेलकर.

काकासाहेब म्हटले की गांधीजींचे सहकारी, राष्ट्रभाषेचे प्रचारक, मागासवर्ग आयोगाचे पहिले अध्यक्ष अशी त्यांची सार्वजनिक मूर्ती डोळ्यांपुढे उभी राहते. ती खरीच आहे, परंतु या स्मरणिकेत आम्ही त्यांच्याकडे पायी चालणारा माणूस म्हणून पाहू इच्छितो. दोर आणि कुऱ्हाड घेऊन शिखरावर चढणारे ते गिर्यारोहक नव्हते. हिमालयाच्या मोहिमांना वाहिलेला हिमालयन क्लब १९२८ साली याच दिल्लीत स्थापन झाला. तेव्हा काकासाहेबांच्या हिमालययात्रेला सोळा वर्षे होऊन गेली होती. ती यात्रा त्यांनी काठी, कांबळे आणि दोन सोबती एवढ्या सामग्रीवर केली होती.

त्यांचा जन्म १ डिसेंबर १८८५ रोजी साताऱ्यास झाला. घराणे मूळचे सावंतवाडीजवळच्या कालेली गावचे. वडील सरकारी नोकरीत असल्यामुळे बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलत असे, आणि सातारा, कारवार, बेळगाव, धारवाड असे निरनिराळे मुलूख या मुलाच्या वाट्याला आले. ज्याला आपण शिक्षणाची आबाळ म्हणू, तेच त्याचे खरे शिक्षण ठरले. बैलगाडीचे प्रवास, घाटांची वळणे, कारवारचा समुद्र हे सारे पुढे ‘स्मरणयात्रे’त आले आहे. बेळगावजवळ बेळगुंदी येथे कुटुंबाची शेती होती. तेथून वैजनाथाचा डोंगर दिसतो आणि त्या डोंगरातून निघालेली मार्कंडी नदी गावाशेजारून जाते. ही नदी अगदी लहान. जगातील थोर नद्यांची तीर्थे पाहून आलेल्या काकासाहेबांनी पुढे नद्यांवर पुस्तक लिहिले, तेव्हा या मार्कंडीला बालपणीच्या सखीचे स्थान दिले. परगावी राहणाऱ्या माणसाला आपल्या गावचा ओहोळ कसा आठवतो, हे आम्ही कोणाला सांगावयास नको.

पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात तत्त्वज्ञान हा विषय घेऊन ते १९०७ साली पदवीधर झाले. तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा. बेळगावात शाळा चालविणे, मुंबईस ‘राष्ट्रमत’ या दैनिकात काम करणे असे करीत ते बडोद्याच्या गंगनाथ विद्यालयात शिक्षक झाले. तेथे शिक्षकांना घरातल्या नात्यांनी हाक मारण्याचा प्रघात होता. कोणी मामा, कोणी अण्णा, आणि कालेलकर ‘काका’ झाले ते कायमचे. आपल्याकडे थोरल्या माणसाला काका म्हणतातच, पण हे नाव त्यांना महाराष्ट्राबाहेर, बडोद्यात मिळाले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सरकारी दडपणामुळे ते विद्यालय बंद पडले. देशकार्याची वाट खुंटल्यासारखी झाली आणि मनातील आध्यात्मिक ओढ उफाळून आली. १९१२ साली काकासाहेब हिमालयाकडे निघाले.

सोबत रामदासी परंपरेतील अनंतबुवा मर्ढेकर होते, आणि दुसरे सोबती स्वामी आनंद. हे स्वामी जन्माने गुजराती असले तरी मराठी त्यांना घरच्यासारखी येई. आगगाडी काठगोदामपर्यंत १८८४ सालीच पोहोचली होती. त्यापुढे अल्मोड्याकडे जावयाचे तर पायवाटच. गढवालातील धामांकडे तर मोटाररस्त्याचे स्वप्नही कोणी पाहिले नव्हते, कारण बदरीनाथापर्यंत मोटार जाऊ लागली ती १९६० नंतरच्या दशकात. यमुनोत्री सुमारे १०,८०० फूट, गंगोत्री दहा हजारांवर, केदारनाथ पावणेबारा हजारांच्या आसपास आणि तुंगनाथ बारा हजार फूट. शिवाय एका धामाहून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी खोऱ्यात उतरून पुन्हा पुढची धार चढावी लागे. वाटेवर चार-पाच मैलांच्या अंतराने चट्ट्या असत. चट्टी म्हणजे वाण्याचे छप्पर. त्याच्याकडून पीठ, डाळ, तूप घेतले की भांडी, चूल आणि रात्रीपुरती पथारीची जागा मिळे, भाडे वेगळे लागत नसे. पंढरीच्या वारीत वाढलेल्या आपल्या लोकांना ही व्यवस्था परकी वाटू नये.

या वाटेवर काकासाहेब यमुनेच्या उगमापर्यंत पोहोचले. तेथे एकीकडे बर्फातून आलेले पाणी आणि दुसरीकडे उकळत्या पाण्याचे कुंड. त्या कुंडात यात्रेकरू फडक्यात बांधलेले तांदूळ शिजवून घेतात. जी नदी आपण दिल्लीकर पुलावरून जाताना नाक दाबून ओलांडतो, तिचे हे बालरूप ज्याने पायी जाऊन पाहिले, तो पुढे तिच्याच काठी तीन दशके राहिला. हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटतो.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. काकासाहेब निघाले तेव्हा ते गृहस्थ होते. पत्नी लक्ष्मीबाई मागे राहिल्या. थोर पुरुषांच्या हिमालययात्रा आपण मोठ्या भक्तिभावाने वाचतो. परंतु मागे राहिलेल्या घराने ते दिवस कसे काढले असतील, याचा विचार आपल्या चरित्रलेखनात अभावानेच दिसतो. नवरा कोठे आहे, परतणार की संन्यास घेणार, याची खात्री नसताना दिवस काढणे हीही एक चढणच होती, आणि तिच्यावर चट्ट्या नव्हत्या. काकासाहेब परतले, हे त्यांच्या विरक्तीहून आम्हांला अधिक मोलाचे वाटते. एकट्याच्या मोक्षाचा मार्ग त्यांनी सोडला. पुढे लक्ष्मीबाई साबरमतीच्या आश्रमात आल्या, तेथील कडक जीवन त्यांनी स्वीकारले आणि १९२९ साली त्या वारल्या.

१९१५ च्या फेब्रुवारीत शांतिनिकेतनात काकासाहेबांची गांधीजींशी भेट झाली आणि आयुष्याची दिशा ठरली. साबरमती आश्रमात शिकवू लागल्यावर त्यांनी गुजराती भाषा अशी आत्मसात केली की गांधीजींनीच त्यांना ‘सवाई गुजराती’ ही पदवी बहाल केली. ‘हिमालयनो प्रवास’ प्रथम आश्रमातील हस्तलिखितासाठी, यात्रेनंतर कित्येक वर्षांनी, आठवणीतून लिहिला गेला आणि १९२४ साली ग्रंथरूपाने निघाला. गुजरातीत प्रवासवर्णनाचा मानदंड म्हणून तो आजही वाचला जातो. मराठीत तो नंतर आला. आपल्या माणसाचे सर्वोत्तम पुस्तक आपल्याला भाषांतरातून वाचावे लागावे, याची हळहळ आम्हांला वाटते, आणि ती येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

निसर्गदर्शनाची ही ओढ आश्रमाच्या शिस्तीत कशी बसली, याची एक गोष्ट स्वतः काकासाहेबांनी नोंदविली आहे. १९२७ साली गांधीजी कर्नाटकाच्या दौऱ्यात गिरसप्प्याजवळ आले होते. शरावती नदी तेथे सुमारे ८३० फुटांवरून कोसळते. तो धबधबा बापूंनी पाहावा म्हणून काकासाहेबांनी आग्रह धरला, लॉर्ड कर्झन मुद्दाम पाहावयास आले होते असेही सांगून पाहिले. गांधीजींनी त्यांना उलट विचारले की पाऊस किती उंचावरून पडतो? गांधीजी गेले नाहीत. महादेवभाई देसायांनाही त्यांनी जाऊ दिले नाही, त्याचा गिरसप्पा मीच आहे असा त्यांचा भाव होता. काकासाहेबांना मात्र जाण्यास सांगितले. आम्हांला या प्रसंगात विशेष वाटते ते हे की गांधीजींसारख्या काटेकोर गुरूने या एका शिष्याचे भटकणे हे त्याचे कर्तव्यच आहे असे मानले. ती चैन आहे, असे ते म्हणाले नाहीत.

ज्याचे पाय मोकळे राहू इच्छितात त्याला तुरुंगाची शिक्षा दुप्पट होते. १९२३ साली काकासाहेब साबरमतीच्या तुरुंगात होते. डोंगर नाही, नदी नाही. उरल्या भिंती, आणि भिंतींवरून ये-जा करणारे कावळे, खारी, मुंग्या, मांजरे. त्यांनी तेवढ्यावर एक पुस्तक लिहिले. गुजरातीत त्याचे नाव ‘ओतराती दीवालो’, म्हणजे उत्तरेकडच्या भिंती. ज्या दृष्टीने तुंगनाथ पाहिला त्याच दृष्टीने त्यांनी मुंग्यांची रांग पाहिली आहे, आणि आमच्या मते त्यांच्या पदयात्रेचे खरे फळ ते हेच. पुढे क्षयाच्या विकाराने त्यांना गाठले. त्यातूनही ते उठले आणि पुन्हा चालू लागले. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगात ते गांधीजींच्या सोबत होते. त्यांना आकाशदर्शनाचा भारी नाद, आणि तारे पाहावयास भिंतींची आडकाठी कमीच. त्याच वर्षी दांडीच्या यात्रेत गांधीजींबरोबर चाललेल्या तुकडीत त्यांचे चिरंजीव बाळ कालेलकर होते.

नद्यांवरच्या ‘लोकमाता’ या पुस्तकाचा उल्लेख वर आलाच आहे. मराठीतही ते आहे, आणि मंडळाच्या प्रत्येक घरी असावे असे आम्हांला वाटते. वाढत्या वयात त्याचे क्षेत्रही वाढले, ब्रह्मदेश, पूर्व आफ्रिका, जपान. १९५० साली आफ्रिकेत जिंजा येथे व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल बाहेर पडते ते स्थळ त्यांनी पाहिले. गांधीजींच्या अस्थींचा काही अंश तेथे १९४८ साली विसर्जित झाला होता. गंगोत्री, यमुनोत्री यांच्या चालीवर काकासाहेबांनी त्या स्थळाला ‘नीलोत्री’ म्हटले. परदेशी नदीला माहेरचे नाव देऊन टाकणारा हा माणूस! आफ्रिकेत, आखातात, अमेरिकेत संसार थाटलेल्या आपल्या कुटुंबांना ही युक्ती कामास यावी.

स्वातंत्र्यानंतर ते दिल्लीत आले. १९५२ ते १९६४ ते राज्यसभेचे राष्ट्रपतिनियुक्त सदस्य होते. १९५३ साली नेमलेल्या मागासवर्ग आयोगाचा अहवाल त्यांनी १९५५ च्या मार्चमध्ये सादर केला आणि सोबतच्या पत्रात आयोगाच्याच काही निष्कर्षांशी मतभेद नोंदविला. त्या वादाची चर्चा आजही होते, पण ती येथे नको. १९६४ साली पद्मविभूषण आणि १९६५ साली गुजराती ‘जीवनव्यवस्था’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मुक्काम राजघाटाजवळच्या ‘सन्निधी’त. तेथे ‘मंगल प्रभात’चे संपादन चाले, आणि भेटीस येणाऱ्यांत गुजराती, हिंदी, मराठी बोलणारे सारेच असत.

ते आपले की गुजरातचे, हा वाद मराठी बैठकांत पूर्वी रंगे. काहींना त्यांनी मायबोलीकडे पाठ फिरविली असे वाटे. आम्हांला ते पटत नाही. मराठीत त्यांनी लिहिले, आणि मार्कंडीला ते कधी विसरले नाहीत. पण ज्या मुलखात भाकरी खाल्ली त्याची भाषा, त्याच्या टेकड्या, त्याच्या नद्या पाहुण्यासारख्या लांबून पाहणे त्यांना जमले नाही, एवढे खरे. आमच्यापैकी किती जणांनी, दिल्लीत दोन-दोन पिढ्या काढूनही, ही अरवली पायांखाली घातली आहे? हिंदूरावाच्या टेकडीवरून निशाणबुरुजापर्यंत विलायती कीकरांच्या झाडीतून वाट जाते, मोर हिंडतात, माकडे त्रास देतात. पाऊण तासाचा रस्ता आहे.

२१ ऑगस्ट १९८१ रोजी नवी दिल्लीत काकासाहेबांचे देहावसान झाले. वयाची ९५ वर्षे पुरी होऊन नऊ महिने होत आले होते. श्रावणाचे दिवस होते, यमुनेला पाणी चढण्याचे. १९८५ साली, त्यांच्या जन्मशताब्दीला, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.