गोविंदराव टेंबे : हात तयार असूनही शिष्य झालेले पेटीवादक

मुंबईत गिरगाव भागात खोताची वाडी म्हणून एक जुनी वस्ती आहे. अरुंद बोळ, लाकडी जिने, पुढे पडवी व वर कौले, अशी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांची जुनी घरे तेथे अद्याप काही उरली आहेत. काही दिवसांपूर्वी आम्ही कामानिमित्त तेथे गेलो असता एका पडवीत एक तरुण गिटार वाजवीत बसलेला दिसला. हात गोड होता. परंतु एका जागी येऊन तो वारंवार अडखळे व पुन्हा आरंभापासून वाजवी. विचारपूस करिता कळले की, कोणाजवळही न शिकता, केवळ ऐकून व पाहून त्याने ते वाद्य हस्तगत केले होते. आता शिक्षकाकडे जावे असे त्याच्या मनात येई, पण दोन भये आडवी येत. शिक्षक पहिल्या धड्यापासून आरंभ करावयास लावील व आजवर वाहवा करणारे लोक हसतील, हे एक. आणि आपल्या हातात जे आपले म्हणून आहे ते शिस्तीखाली नाहीसे होईल, हे दुसरे. तेव्हा आम्ही त्यास गोविंदराव टेंबे यांची हकीकत सांगितली. आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतही आपले आपण पेटी शिकलेले बंधू पुष्कळ आहेत. म्हणून तीच हकीकत येथे लिहितो.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूर प्रांती झाला. १८९४ पासून तेथे शाहू महाराजांची कारकीर्द सुरू झाली. महाराज जसे मल्लांचे तसेच गवयांचेही आश्रयदाते होते, त्यामुळे थोर गवयांचे गाणे त्या नगरात सहज कानी पडे. देवल क्लब नामक संस्थेत संगीताची आवड असणारी मंडळी जमत असत. आपणास गाण्याची गोडी व समज प्रथम तेथेच लाभली, असे गोविंदरावांनी पुढे कृतज्ञतेने नमूद केले आहे.

त्यांनी हाती धरलेले वाद्य म्हणजे पेटी. हे वाद्य मूळचे आपल्या देशातले नव्हे. १८४२ साली पॅरिस शहरात द्‌ब्यां नामक कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते उपासनेच्या उपयोगी म्हणून मिशनरी लोकांनी हिंदुस्थानात आणिले. पायाने भाता हाकण्याच्या त्या मोठ्या वाद्यावरून कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास मांडी घालून हाताने वाजविण्याजोगी लहान पेटी तयार केली. ती थोड्याच काळात भजनात, कीर्तनात व नाटकात सर्वत्र शिरली. परंतु बीन किंवा सतार यांस जशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली घराणी होती, तसे पेटीस घराणे नव्हते. ज्यास पेटी यावी असे वाटे त्याने ऐकावे, चाचपडावे व बोटे बसवावी, हाच बहुधा मार्ग होता. गोविंदरावही पुष्कळसे ह्याच मार्गाने पेटी शिकले. बोटांची तयारी ही त्यांची स्वतःची कमाई होती.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. पेटी हे जितके सोपे तितकेच फसवे वाद्य आहे. गाणाऱ्यास प्रत्येक सूर गळ्याने शोधून काढावा लागतो, आणि तो चुकला तर ऐकणाऱ्यास तत्काळ कळते. पेटीत मात्र सूर कारखान्यातूनच ठरून आलेला असतो. पट्टी दाबली की तो वाजतो. त्यामुळे शिकाऊ माणसास आपणास गाणे कळू लागले असा भ्रम लवकर होतो. अमुक रागात हा सूर कोठून यावा, कोठे थांबावा, कोणता सूर केवळ स्पर्श करून सोडावा, हे पट्टी सांगत नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणारी मींड तर तिच्यातून निघतच नाही. म्हणून ज्याची बोटे चपळ, पण कान अशिक्षित, तो जितका वेगाने वाजवील तितका रागापासून दूर जाईल.

ही उणीव घरी एकट्याने बसून भरून निघणारी नव्हती. गोविंदराव भास्करबुवा बखले यांच्याजवळ शिष्यभावाने राहिले. बुवा गवई होते. म्हणजे पेटीवाल्याने गुरू केला तो पेटी वाजविणारा नव्हे, तर गाणारा. बोटे कशी फिरवावी हे बुवा शिकविणार नव्हते. बोटांनी कशाच्या मागे जावे, हे त्यांच्या गाण्यातून कळणार होते. गोविंदराव त्यांच्या मैफलींत साथीस बसू लागले. साथ करणे म्हणजे स्वतःस मागे ठेवणे होय. गवयाची जागा आधीच ओळखावी, पण त्याच्या पुढे धावू नये. त्याने श्वास घेतला तर सुराचा धागा तुटू देऊ नये. तो थांबला तर आपणही थांबावे. प्रत्येक बैठक हाच एक धडा असे. एकट्याने वाजविताना ज्या चुका कोणी दाखविल्या नसत्या, त्या गुरूच्या गळ्याशेजारी आपोआप उघड्या पडत.

स्वतः बुवांचे उदाहरणही ह्या बाबतीत मननीय आहे. १८६९ साली जन्मलेले भास्करबुवा प्रथम बडोद्याचे फैज महंमद खाँ यांच्याजवळ व मग आग्रा घराण्याचे नत्थन खाँ यांच्याजवळ शिकले. पुढे स्वतः नामांकित गवई झाले असतानाही त्यांनी अल्लादिया खाँ यांचे शिष्यत्व पत्करिले. लोक ज्यास उस्ताद मानतात त्याने पुन्हा दुसऱ्यासमोर मांडी घालून बसावे, ही गोष्ट लहान नव्हे. जो आपण शिकणे सोडीत नाही अशाच गुरूजवळ गोविंदराव होते.

हे अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारचे गवई होते. त्यांच्याजवळ समोर बसून तालीम घेण्याचा योग गोविंदरावांस आला नाही; तथापि खाँसाहेबांचे गाणे वर्षानुवर्षे एकाग्रतेने ऐकून त्यांनी जे घेतले त्याचे ऋण ते जन्मभर मानीत आले. पुढे त्यांनी खाँसाहेबांचे चरित्रही लिहिले. जे हाती धरून शिकविले गेले ते आणि जे दुरून कानाने वेचले ते, ह्या दोहोंचे ऋण त्यांनी सारखेच मानिले.

ह्या विद्येचे फळ लवकरच सर्व महाराष्ट्राच्या पदरात पडले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे मानापमान हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईस प्रथम रंगभूमीवर आणिले. त्यातील पदांच्या चाली गोविंदरावांनी बसविल्या होत्या. रागदारीच्या चिजांबरोबरच ठुमरी व दादरा यांच्या ढंगाचाही त्यांनी त्यात उपयोग केला. ज्यांनी कधी दरबारी गाणे ऐकले नव्हते अशा सामान्य लोकांच्या ओठी ती पदे बसली. १९१३ साली बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९१५ साली ती सोडून शिवराज नाटक मंडळी ही आपली स्वतंत्र संस्था काढिली. तीही पुढे बंद पडली. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात कंपनीने अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट काढिला, त्यात हरिश्चंद्राचे काम गोविंदरावांनी केले व संगीतही त्यांनीच दिले. १९३९ साली माझा संगीत व्यासंग हे त्यांचे पुस्तक निघाले. ९ ऑक्टोबर १९५५ रोजी ते निवर्तले.

त्यांच्या हयातीतच पेटीवर मोठे संकट आले. तिचे सूर ठरीव, तिच्यात मींड नाही, ह्या कारणास्तव १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला आपल्या कार्यक्रमांतून वगळिले, व ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप निराधार नव्हता. परंतु वाद्यात जे नाही त्याची भरपाई वाजविणाऱ्याच्या जाणतेपणाने कितीतरी होऊ शकते, हे गोविंदरावांच्या वादनाने आधीच दाखवून दिले होते. पेटी केवळ साथीची न राहता स्वतंत्रपणे ऐकण्याजोगी होऊ शकते, ही मान्यता तिला मिळवून देणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. जे पट्टीत नव्हते ते त्यांनी गवयांच्या संगतीतून आणिले होते.

आता खोताच्या वाडीतल्या तरुणाच्या दोन भयांकडे वळू. शिस्तीने आपले स्वतःचे नाहीसे होईल, हे भय गोविंदरावांच्या चरित्राने खोटे ठरते. गुरूजवळ राहूनही त्यांचा हात त्यांचाच राहिला. किंबहुना त्यास काय बोलावे हे उमगले. लोकांच्या हसण्याचे भय मात्र खरे आहे. काहीच न येणाऱ्यास शिष्य होणे सोपे असते. थोडे येणाऱ्यास ते कठीण जाते, कारण त्यास मिळालेली वाहवा दाराबाहेर ठेवून आत जावे लागते. त्यास दुसरा उपाय नाही. तरुणाने ऐकून घेतले व गिटारातले शिकविणारा कोण मिळेल असे विचारिले. शिक्षक अवश्य पाहावा, पण त्याबरोबर एखाद्या चांगल्या गाणाऱ्याच्या साथीसही बसावे, असे आम्ही सुचविले.

हेच आम्ही आमच्या बंधूंस सुचवितो. आपल्या गावी पेटी शिकविणारा कोणी नाही म्हणून पुष्कळजण जेथल्या तेथे राहतात. परंतु जवळपास सुराचा व तालाचा पक्का असा एखादा भजनी बुवा, कीर्तनकार अथवा वृद्ध गाणारी बाई असेलच. त्यांस पेटीची एक पट्टीही ठाऊक नसली तरी चालेल. आठवड्यातून एक सायंकाळ त्यांच्यामागे पेटी धरून बसावे, हळू वाजवावे, आणि कोठे चुकले ते आपण होऊन विचारावे.