रुस्तम-ए-जमां गामा: लंडनने आधी दारातच अडवलेला पहिलवान

रावेतला मुकाई चौकाकडून आत वळलं की एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर एमएमएचा क्लास चालतो. तिथे माती नाही, गाद्या आहेत. हौदा नाही, जाळीचा पिंजरा आहे. माझा १५ वर्षांचा भाचा तिथे नाव घालायचं म्हणून दोन महिने घरात हट्ट धरून बसलाय. मोबाइल उघडला की पहिला फोटो खबीब नुरमगोमेदोव्हचा, डोक्यावर ती केसाळ टोपी. त्याची अम्मी, म्हणजे माझी बहीण, काही केल्या तयार नाही. रक्ताळलेल्या चेहऱ्यांचे दोन व्हिडिओ तिने पाहिले आणि विषय मिटवला. शिवाय तिचा दुसरा मुद्दा जास्त वजनदार आहे. अंगात जोर आहे तोवर लोक खांद्यावर घेऊन नाचतात, त्यानंतर कोण विचारतं?

भाचा सांगतो की हा खेळ अमेरिकेतला, १९९३ मध्ये डेन्व्हर शहरात सुरू झाला. तारीख बरोबर आहे. पण वेगवेगळ्या पद्धतीचे मल्ल समोरासमोर उभे करून कोण भारी ते बघायचं, ही हौस त्याहून ८० वर्षं जुनी आहे. १९१० च्या लंडनमध्ये ती जोरात होती, आणि तिथे सगळ्यांना भारी पडलेला माणूस आपल्याकडच्या लाल मातीतला होता. त्याचं नाव आपण रोज घेतो. कुणी उगाच छाती काढून चालला की आपल्या घरातली म्हातारी माणसं विचारतात, स्वतःला गामा समजतोस काय म्हणून. पण गामा कोण होता हे विचारलं तर निम्म्यांना सांगता येत नाही.

गुलाम मोहम्मद बक्ष हे त्याचं खरं नाव. जन्म १८७८ चा, पंजाबातल्या अमृतसर भागात, काश्मिरी मुस्लिम पहिलवान घराण्यातला. वडील अझीझ बक्ष हेही पहिलवान. बुंदेलखंडातल्या दतिया संस्थानाच्या राजाच्या पदरी होते. गामा सहा वर्षांचा असताना वडिलांचा इंतकाल झाला. मग नाना नून पहिलवान यांनी सांभाळलं, तेही गेले. शेवटी मामू इदा पहिलवान यांनी पोराला हाताशी धरलं आणि पहिले डाव त्यांनीच शिकवले. बाप गेलेल्या पोराला मामाने उभं करायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत.

१८८८ मध्ये जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची स्पर्धा ठेवली. देशभरातून चारशेहून जास्त पहिलवान आल्याचं सांगतात. एकेक जण थकून बाजूला होत गेला आणि शेवटच्या पंधरांत एक दहा वर्षांचा पोरगा उरला. महाराजांनी त्याचं वय बघून त्यालाच विजयी ठरवलं. त्यानंतर दतियाच्या महाराजांनी त्याच्या तालमीची आणि खुराकाची जबाबदारी घेतली.

खुराक हा शब्द इथे नीट समजून घ्यायला हवा. गामा किती दूध प्यायचा, किती कोंबड्या खायचा, किती बदाम घोटून घ्यायचा याचे आकडे सांगणाऱ्यागणिक वाढतात, म्हणून ते इथे देत नाही. रोज ५००० बैठका आणि ३००० जोर हा आकडाही असाच सगळीकडे फिरतो. तो निम्मा धरला तरी दिवसाचे कित्येक तास जातात. पोटासाठी दुसरं काम करणाऱ्या माणसाला हे जमूच शकत नाही. दूध, तूप, बदाम, मालिश करणारा गडी, तालमीत रोज अंगावर घ्यायला दहा-बारा जोडीदार, हा सगळा खर्च कुणीतरी उचलावा लागतो. तो राजे उचलत. दतिया, जोधपूर, पटियाला, बडोदा, आपलं कोल्हापूर. हिंदू आणि शीख राजांच्या दुधातुपावर मुस्लिम पहिलवान वाढले आणि त्याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात एक भलामोठा दगड ठेवला आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी तो गामाने उचलला असं त्यावर कोरलेलं आहे. वजन १२०० किलो सांगतात. उचलला म्हणजे डोक्यावर घेतला, छातीला लावला की जमिनीपासून नुसता सुटवला, यावर वाद घालणारे घालोत. २४ वर्षांच्या पोराने त्याला हात घातला हेच मला पुरेसं वाटतं.

त्या काळात गामाला एकच माणूस पडत नव्हता, गुजरांवालाचा रहीम बक्ष सुलतानीवाला. उंची सात फुटांच्या आसपास, आणि समोर गामा, साडेपाच फुटांहून दोन-अडीच इंच जास्त. १७ वर्षांचा असताना गामाने त्याला पहिल्यांदा अंगावर घेतलं. लोकांना वाटलं दोन मिनिटांत खेळ खलास. कुस्ती तासन्‌तास चालली आणि बरोबरीत सुटली. पुढेही रहीम बक्ष त्याच्याकडून लवकर चितपट झाला नाही.

१९१० मध्ये शरत कुमार मित्र या बंगाली धनिकाने पैसा घातला आणि आर. बी. बेंजामिन नावाचा आयोजक गामाला विलायतेला घेऊन गेला. बरोबर धाकटा भाऊ इमाम बक्ष आणि आणखी दोन पहिलवान. लंडनमध्ये तेव्हा कुस्तीला उधाण आलं होतं. तिकडे कॅच नावाचा प्रकार चाले. कुठेही पकडा, पाय ओढा, हात मुरगाळा, पाठ टेकवा. आजच्या एमएमएमधली जमिनीवरची बरीचशी पकड या कॅचमधून आणि जपानी ज्युजुत्सूमधून आली. नाटकघरांच्या रंगमंचावर रोज रात्री कुस्त्या होत, आणि पडद्यामागे त्यातल्या अनेकांचा निकाल आधीच ठरलेला असे. आपल्याकडे नुरा कुस्ती म्हणतात, तोच धंदा.

तिथे गामाला कुणी दारात उभं करेना. उंची कमी म्हणून त्याला स्पर्धेत घ्यायलाच नकार मिळाला. परका मुलूख, भाषा येत नाही, माघारी जायचं तर तोंड काय दाखवणार! मग त्याच्या वतीने जाहीर आव्हान देण्यात आलं की कुठल्याही वजनाचे तीन मल्ल आणा, ३० मिनिटांत तिघांनाही पाडतो. लोकांना ही जाहिरातबाजी वाटली. अखेर ऑगस्टमध्ये अमेरिकेचा नावाजलेला मल्ल बेंजामिन रोलर, जो पेशाने डॉक्टर होता, समोर आला. अल्हाम्ब्रा नाटकघरात गामाने त्याला पहिल्यांदा पाडलं ते दोन मिनिटांच्या आत, आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत. त्यानंतर दार उघडलं. इमाम बक्षने स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला काही मिनिटांत लोळवलं, तेव्हा लंडनला कळून चुकलं की हे दोघे भाऊ वेगळ्याच मातीतले आहेत.

१० सप्टेंबर १९१०. शेफर्ड्स बुशचं मैदान. समोर पोलंडचा स्टॅनिस्लॉस झ्बिस्को, वजनाने गामापेक्षा कितीतरी भारी, जगातल्या पहिल्या दोन-तीन मल्लांत गणला जाणारा. बक्षीस २५० पौंड आणि जॉन बुल या साप्ताहिकाचा पट्टा. पहिल्याच मिनिटात गामाने त्याला खाली घेतलं आणि कब्जा घेतला. मग झ्बिस्कोने एक गोष्ट केली, तो उठलाच नाही. पोटावर पालथा पडून, हात अंगाखाली घेऊन गादीला चिकटून राहिला. अडीच तासांहून जास्त वेळ! गामा वरून दाबतोय, मान उचलतोय, पाय ओढतोय, आणि तो पहाड काही उलटत नाही. शेवटी अंधार पडायची वेळ आली आणि कुस्ती बरोबरीत सोडवली.

आपल्याकडे ही गोष्ट सांगताना झ्बिस्कोला भित्रा म्हणून मोकळे होतात. मला ते पुरतं पटत नाही. आपली कुस्ती हौद्याच्या मातीतली, उभ्याने डाव मारून चीत करायची. पालथ्या पडलेल्या एवढ्या जड गड्याला गादीवर उलटवणं हे वेगळं कसब आहे. ते त्या दिवशी गामाकडे पुरेसं नव्हतं. एवढं मात्र खरं की अडीच तास वर कोण होता आणि खाली कोण होता, हे सगळ्या लंडनने पाहिलं. खबीबचे सामने पाहिलेल्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल.

१७ सप्टेंबरला पुन्हा कुस्ती ठरली. गामा आला, झ्बिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला, आणि त्याबरोबर रुस्तम-ए-जमां हा किताबही. मग त्याने रशियाचा हॅकेनश्मिट, अमेरिकेचा फ्रँक गॉच, जपानी ज्युजुत्सूचा तारो मियाके, सगळ्यांना आव्हान धाडलं. एकही समोर आला नाही. एकामागून एक २० इंग्रज मल्लांशी लढतो म्हणाला, तरी कुणी तयार होईना. पडद्यामागचं कारण उघड आहे. निकाल आधी ठरवता न येणारा पहिलवान धंद्याच्या उपयोगाचा नसतो.

परत आल्यावर अलाहाबादला गामाने अखेर रहीम बक्ष सुलतानीवालाला हरवलं आणि तो रुस्तम-ए-हिंद झाला. आयुष्यातला सगळ्यात कठीण जोड कोणता, असं पुढे कुणी विचारलं की तो गोऱ्या मल्लांचं नव्हे, रहीम बक्षचंच नाव घ्यायचा.

इथे कोल्हापूर येतं. राजर्षी शाहू महाराजांनी रोमचं जुनं मैदान पाहून तसंच गोल, पायऱ्या-पायऱ्यांचं कुस्तीचं मैदान बांधायला घेतलं आणि १९१२ मध्ये खासबाग पुरं झालं. त्याच्या पहिल्या मोठ्या कुस्तीत लंडनहून परतलेला इमाम बक्ष आणि गुलाम मोहिद्दीन भिडले. पंजाबचे पहिलवान कोल्हापुरात येत राहिले, राहत राहिले, इथल्या पोरांना डाव देत राहिले. कोल्हापुरातल्या कित्येक तालमींत आजही मोहरमला पंजे बसतात, आणि त्याच तालमीत हनुमानाची तसबीर असते.

१९२२ मध्ये भारतभेटीवर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने गामाला चांदीची गदा दिली. मग जानेवारी १९२८ मध्ये पटियालाच्या महाराजांनी झ्बिस्कोला बोलावून जुना हिशेब पुरा करायची संधी दिली. हजारोंची गर्दी, आणि कुस्ती एक मिनिटही टिकली नाही. गामाने सलामी देताच त्याला उचलून चीत केलं. आपल्याकडे याच विजयाचे पोवाडे जास्त. पण तेव्हा झ्बिस्को पन्नाशीला टेकला होता आणि गामाही पन्नाशीचाच होता, हेही ध्यानात ठेवावं. झ्बिस्कोबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२५ मध्ये अमेरिकेत त्याला ठरवून हरायची नुरा कुस्ती दिली होती. तो हरलाच नाही; रिंगणात उतरून त्याने वेन मनला खरोखर पाडलं आणि धंदेवाल्यांचा सगळा बेत उधळला. पटियालात हरल्यावर त्याने गामाचा मोठेपणा मोकळेपणाने मान्य केला.

१९४७ मध्ये संस्थानं गेली आणि पहिलवानांचा खुराक गेला. गामा लाहोरच्या मोहनी रोडवर राहत होता. गल्लीत हिंदू कुटुंबं होती. फाळणीच्या दंगलीत जमाव त्यांच्यावर चालून आला, तेव्हा गामा आपल्या पट्ठ्यांना घेऊन वाटेत उभा राहिला. पुढे आलेल्या एकाला त्याने कानाखाली दिली आणि बाकीचे मागे सरले. मग त्या कुटुंबांना सरहद्दीपर्यंत पोचवलं आणि आठवडाभराचं रेशन स्वतःच्या पैशाने बांधून दिलं, असं सांगतात. तेव्हा तो सत्तरीला आला होता. आयुष्यभराच्या बैठका या एका दिवसासाठीच होत्या, असं मला अनेकदा वाटतं.

पण माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं उत्तर इथे चांगलं येत नाही. शेवटची वर्षं आजारपणात आणि तंगीत गेली. दम्याने आणि हृदयाच्या दुखण्याने ते शरीर पोखरलं. पाकिस्तान सरकारने काही मदत केली. सरहद्दीच्या अलीकडून घनश्यामदास बिर्ला यांनी पैसे पाठवले आणि दरमहा पेन्शन लावून दिली. २३ मे १९६० रोजी लाहोरमध्ये गामाचा इंतकाल झाला, वय ८२.

घराण्याची गोष्ट तिथे थांबली नाही. २६ जून १९७६ रोजी टोकियोत मोहम्मद अली आणि जपानी मल्ल अंतोनियो इनोकी भिडले. मुष्टियोद्धा विरुद्ध पहिलवान. आजच्या एमएमएचं मूळ अनेक जण त्या सामन्यात शोधतात. त्याच वर्षी डिसेंबरात इनोकी कराचीत आला आणि इमाम बक्षचा मुलगा अक्रम त्याच्यासमोर उतरला. इनोकीने त्याचा हात असा पिळला की तो निखळला, तरी अक्रमने हार मानली नाही. सामना थांबवावा लागला. १९७९ मध्ये घराण्यातलाच तरणा झारा पहिलवान लाहोरमध्ये इनोकीशी बरोबरीत लढला. त्याच्याही आधी ब्रूस ली गामाच्या व्यायामाबद्दल वाचून बैठका मारायला लागला होता. म्हणजे भाच्याच्या क्लासमधल्या भिंतीवर ज्याचं चित्र आहे, त्यानेही गामाकडूनच घेतलं.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. मोहनी रोडचा भाग ऐकताना तिने हातातली भाजी खाली ठेवली. म्हातारपणाचा भाग आला तशी ती पुन्हा आपल्या मुद्द्यावर आली, आणि ती चुकीची नाही. ठरलं ते असं: दहावी होईपर्यंत क्लास नाही, तोवर रोज फजरनंतर गच्चीवर १०० बैठका, आणि मोजायला ती स्वतः बसणार. पहिल्या दिवशी चाळिसाव्या बैठकीला भाच्याचे पाय थरथरायला लागले.