मलिक अंबरची नहर आणि शहराखालची पोकळी

आजच्या इथिओपियात १५४८च्या सुमारास जन्मलेला एक मुलगा लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेला. हात बदलत, बगदादमार्गे तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा मंत्री चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हाच पुढे मलिक अंबर म्हणून प्रसिद्ध झाला.

चंगीझखानाच्या मृत्यूनंतर तो स्वतंत्र झाला आणि शिपाईगिरी करू लागला. १६००मध्ये मोगलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला, तेव्हा मोडकळीस आलेली निजामशाही त्यानेच सावरली. गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणले. १६१०मध्ये त्याने खडकी येथे नवे शहर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर.

नव्या शहराला पाणी हवे होते. उत्तरेकडील डोंगरात मुरलेले पाणी त्याने जमिनीखालच्या बोगद्यात गोळा केले आणि केवळ उताराच्या जोरावर शहरात आणले. हीच नहर-ए-अंबरी. बोगद्यावर ठिकठिकाणी मॅनहोल ठेवले. त्यातून हवा खेळे आणि गाळ काढता येई. पाणी जमिनीखालून वाहत असल्याने उन्हात आटत नसे.

१६२६मध्ये मलिक अंबर मरण पावला. त्याची कबर खुलताबादला आहे. नहर मात्र त्याच्यानंतर शतकानुशतके वाहत राहिली.

जमीन अचानक खचून पडणारे खड्डे, म्हणजे सिंकहोल, प्रामुख्याने चुनखडीच्या प्रदेशात आढळतात. तिथे पाण्याने खडक विरघळतो. मराठवाड्यातील बेसाल्ट तसा विरघळत नाही. पण या शहराखाली माणसाने खोदलेली पोकळी आहे. तिच्यावर नकळत पाया खणला तर छत खचू शकते. सांडपाणी झिरपले तर पाणी दूषित होते आणि कावीळ, अतिसारासारखे आजार पसरू शकतात.

म्हणून मॅनहोलची मोजदाद महत्त्वाची ठरते. प्रत्येक मॅनहोलचे स्थान जीपीएसने नोंदवता येते. ते बिंदू डिजिटल नकाशावर जोडले की बोगद्याचा मार्ग उमटतो. मधला मॅनहोल बुजला असेल, तर जमिनीत लहरी सोडणाऱ्या रडारने पोकळी शोधता येते. त्याच नकाशावर गटारे, रस्ते आणि इमारती दाखवल्या की धोक्याच्या जागा कळतात. बांधकामाला परवानगी देण्याआधी हा नकाशा पाहिला, तर नहरही वाचेल आणि वरची घरेही.