शिक्षकांना आपल्या पंगतीला बसवणारा संत



८ सप्टेंबर रोजी आपण पवित्र मरियेचा जन्मोत्सव साजरा करतो. युनेस्कोने १९६६ साली हाच दिवस आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन म्हणून जाहीर केला. गोरगरिबांच्या मुलांना अक्षरओळख व्हावी म्हणून ज्यांनी आपले सर्वस्व दिले, त्या संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांची आठवण या निमित्ताने करू या.

जॉन यांचा जन्म ३० एप्रिल १६५१ रोजी फ्रान्समधील रीम्स शहरात एका श्रीमंत घराण्यात झाला. १६६७ साली ते तेथील कॅथेड्रलचे कॅनन झाले. हे मानाचे आणि कायमच्या उत्पन्नाचे पद होते. विशीतच आईवडिलांचे छत्र हरपले आणि धाकट्या भावंडांची जबाबदारी त्यांच्यावर आली. १६७८ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

पुढच्याच वर्षी आद्रियां न्येल नावाचे गृहस्थ गरीब मुलांसाठी शाळा काढायला रीम्सला आले. जॉन यांनी त्यांना थोडीफार मदत केली. त्यापलीकडे या कामात पडायचा त्यांचा विचार नव्हता. तेव्हाचे असे शिक्षक जेमतेम शिकलेले, तुटपुंज्या पगारावर राबणारे. आपण त्यांना आपल्या नोकराहूनही खालचे समजत होतो, अशी कबुली जॉन यांनीच पुढे दिली. पण शाळा सुधारायची तर आधी शिक्षक सुधारला पाहिजे, हे त्यांना उमगले. त्यांनी शिक्षकांना आपल्या घरी जेवायला बोलावले आणि १६८१ साली राहायलाच आणले. नातेवाईक संतापले, पण ते मागे हटले नाहीत.

एकदा शिक्षक उद्याच्या चिंतेत होते. जॉन यांनी त्यांना देवावर भरवसा ठेवायला सांगितले. तेव्हा शिक्षकांनी त्यांना तोंडावरच सुनावले. फादरांकडे संपत्ती आहे, पद आहे. शाळा बंद पडल्या तरी त्यांचे काही बिघडणार नाही. रस्त्यावर येऊ ते आम्हीच! हे बोल जॉन यांच्या काळजाला लागले. ते खरेच होते. १६८३ साली त्यांनी कॅनन पदाचा राजीनामा दिला. त्यानंतरच्या दुष्काळात आपली संपत्ती विकून भुकेल्यांना भाकरी वाटली. आता तेही शिक्षकांसारखेच गरीब झाले. त्यातूनच ख्रिस्ती शाळांच्या धर्मबंधूंचा संघ उभा राहिला.

त्या काळी मुलांना वाचन आधी लॅटिनमधून शिकवत. जॉन यांनी ही पद्धत बदलून मातृभाषा फ्रेंच आधी घेतली. शार्त्रच्या बिशपांनी लॅटिनचा आग्रह धरला तेव्हा त्यांनी आपली कारणे लिहून कळवली. गरिबाचे मूल लवकरच कामाला लागते. लॅटिनने सुरुवात केली तर शाळा सुटेपर्यंत त्याला धड एकही भाषा वाचता येणार नाही. मातृभाषेत वाचता आले, तर निदान धर्मशिक्षणाचे पुस्तक तरी ते आयुष्यभर वाचू शकेल.

एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी त्यांनी मुलांचे वर्ग पाडले. शिक्षकांसाठी प्रशिक्षणाची सोय केली. कामकरी तरुणांसाठी पॅरिसमध्ये रविवारची शाळा काढली. मूल शाळेत येईनासे झाले, तर त्याचे कारण शोधून पालकांची समजूत काढावी, अशी शिकवण त्यांनी धर्मबंधूंना दिली.

हा मार्ग सोपा नव्हता. फी घेऊन लेखन शिकवणाऱ्यांच्या संघाने पॅरिसमध्ये त्यांच्यावर खटले भरले, त्यांना दंडही झाला. काही सहकारी सोडून गेले. निराश होऊन ते दक्षिण फ्रान्सला निघून गेले. १७१४ साली धर्मबंधूंनीच त्यांना आज्ञाधारकतेच्या व्रताची आठवण देऊन परत बोलावले आणि संस्थापक निमूटपणे परतले. ७ एप्रिल १७१९ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, रूआँ येथे त्यांनी देह ठेवला. १९०० साली त्यांना संतपद मिळाले. १९५० साली पोप पायस बारावे यांनी त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले.

बंधुभगिनींनो, साक्षरता पैशानेच वाढते असे आपल्याला वाटते. पैसा लागतोच. पण जॉन यांनी पैशाआधी शिक्षकाला आपल्या पंगतीत जागा दिली आणि शेवटी स्वतः त्याच्या पंगतीत जाऊन बसले. आपण आपल्या मुलांच्या शिक्षकांना किती मान देतो? आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईचे मूल शाळेत जाते का, हे आपण कधी विचारले आहे का?

हे पत्रक मिस्सेनंतर सर्वांच्या हाती पडते. पण ते हाती घेणाऱ्या प्रत्येकाला वाचता येतेच असे नाही. कोणी संकोचाने घडी घालून ते पिशवीत ठेवतो. अशी एखादी व्यक्ती तुमच्या ओळखीची असेल, तर आज तिला हे वाचून दाखवा. आणि तिची इच्छा असेल, तर पुढच्या रविवारपासून तिला तिचे नाव लिहायला शिकवा.

संत जॉन बाप्टिस्ट द ला साल, आमच्यासाठी विनंती करा.

तुमचा,
प्रमुख धर्मगुरू