विश्लेषण : ‘हाफकिन’ हे नाव कोणाचे? ज्यू म्हणून नाकारलेला संशोधक मुंबईत कसा आला?

अमडापूरसारख्या गावापासून मुंबईपर्यंत, सरकारी दवाखान्यांच्या बातम्यांत ‘हाफकिन’ हे नाव हमखास येते. कधी सर्पदंशावरच्या प्रतिविषामुळे, तर मध्यंतरी काही वर्षे औषधखरेदीमुळेही ते येत असे. हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

रशिया का सोडावा लागला?

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा शहरात ज्यू कुटुंबात झाला. तेथे ज्यूंविरोधात दंगली उसळल्या, तेव्हा विद्यार्थी असलेले हाफकिन बचावासाठी उभे राहिले, जखमी झाले आणि अटकही त्यांनाच झाली. धर्म बदलला असता तर विद्यापीठात बढती मिळाली असती. त्यांनी नकार दिला. पुढे पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम मिळाले, तेही सुरुवातीला ग्रंथालयातले. तिथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८९२ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली.

मुंबईत काय केले?

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली, एक व्हरांडा आणि हाताखाली मोजकी माणसे, एवढ्यावर काम सुरू झाले. १० जानेवारी १८९७ रोजी नवी लसही त्यांनी प्रथम स्वतःलाच टोचली. मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वतःहून पुढे आलेल्या कैद्यांना दिली. त्याच वर्षी पुण्यात रँडच्या हुकमाने गोरे सोजीर घराघरांत शिरत होते. हाफकिन यांचा भर मात्र लोकांना समजावून, त्यांच्या मर्जीने लस देण्यावर होता. पोलिसी बळजबरी काय असते, हे त्यांनी ओडेसात सोसले होते.

पुन्हा आरोपी का ठरले?

ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल (आता पाकिस्तानात) गावी १०७ जणांना लस दिली गेली. एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन तेथे नव्हते, तरी ठपका मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही नोंद पुरेशी विचारात घेतली गेली नाही. ते ज्यू आणि परके नसते तर एवढी घाई झाली असती का, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो.

रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी बाजू घेतल्यावर १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. भारतात परतले, पण मुंबईची प्रयोगशाळा परत मिळाली नाही. नेमणूक कलकत्त्यात झाली. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव दिले गेले, तेव्हा ते युरोपात निवृत्त आयुष्य जगत होते. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.